जिथं कुदळ लागलीच नव्हती

१

नेमीचंद सापडला तेव्हा त्याचा फक्त उजवा हात मातीबाहेर होता.

शिरपुरात त्र्याहत्तरचा तो उन्हाळा आधीच जीव घेत होता. आदल्या साली पाऊस पडला न पडल्यासारखा, विहिरींचे तळ दिसत होते, आणि अशा दिवसांत नेमीचंद किराणेवाल्यानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं होतं. धान्य थंड राहावं म्हणून खाली तळघर. त्या तळघराच्या खड्ड्यात सकाळी तो एकटाच उतरला, आणि शेजारच्या घराची भिंत त्याच्यावर आली.

फौजदार भाऊसिंग राठोड पोचला तोवर मजुरांनी मातीचा ढीग उपसून प्रेत वर काढलं होतं. मंदिराकडे निघालेले यात्रेकरू बोळाच्या तोंडाशी थबकले होते. पडलेल्या भिंतीच्या भगदाडातून शेजारच्या घरातली मोरी उघडी पडली होती. पितळी बंब, दोरीवरचं धोतर, कोपऱ्यातली राखेची टोपली, एरवी परक्याच्या नजरेला न पडणारं सगळं बोळातून दिसत होतं.

नेमीचंदची बायको राजमती प्रेताशेजारी बसली होती. रडत नव्हती. नवऱ्याच्या कानातली माती ती पदराच्या टोकानं काढत होती.

"बाई," भाऊसिंग तिच्याजवळ उकिडवा बसला, "तळघराचं काम असं असते. माती कधी दगा देईल, सांगता येत नाई."

"मातीनं नाई देल्ला दगा." राजमतीनं मान वर केली. "परवा ह्याच बोळात, साऱ्याईच्या समोर महावीर ह्याईले काय म्हणला, इचारा लोकाईले."

भाऊसिंगनं लोकांकडं पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"तुह्याच तळघरात तुले गाडतो, असं म्हणला तो," राजमती म्हणाली. "अन् भिंत कोनाची पडली? महावीरची."

२

मिस्त्री ग्यानबा खड्ड्याच्या काठावर डोकं धरून बसला होता. गुन्हा आपल्या माथी येणार हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

"मले नेता का सायब? न्या. पर आधी ऐका."

"ऐकतोच हाय. पहिल्यापासून सांग."

ग्यानबानं हातानं तिन्ही घरं दाखवली. एका ओळीत, एकाला एक चिकटून. मधलं नेमीचंदचं. त्याच्या उजव्या अंगाला चंपत माळ्याची जागा. त्यानंही याच हंगामात घर बांधायला काढलं होतं. डाव्या अंगाला महावीरचं घर, दोन वर्षांखाली बांधून झालेलं. त्याच्या आणि नेमीचंदच्या घराच्या मध्ये एकच भिंत, दोघांची सामाईक.

"काम धराच्या आधी तिघंही चंपतच्या ओट्यावर बसले होते," ग्यानबा म्हणाला. "चंपतच्या बाजूचं सोपं होतं. दोघाईचा पाया संगच खोदाचा, तळघराच्या तळापर्यंत संगच न्याचा. आडचण होती ती महावीरच्या बाजूले. त्याचं घर उभं, अन् त्याचा पाया उथळ. तळघर त्याच्याहून खोल. एकदम खोदलं त त्याची भिंत हवेत लटकते."

"मग?"

"मंग घास-घास खोदाचं ठरलं. भिंतीखालचा एक घास काढाचा, तिथं दगडाचा पाया भराचा, तो धरला का मंगच दुसरा घास. मंधातली माती तशीच ठेवाची, भिंतीले टेकू म्हणून. नेमीचंदशेठ रोज सकायी दर्शनाहून आले का खाली उतरून स्वतः पाहत. म्हणत, दुसऱ्याचं घर हाय ग्यानबा, आपल्यापायी तडा जाऊ नये."

भाऊसिंग खड्ड्याकडं पाहू लागला. ग्यानबानं दगड भरलेले टप्पे ओळखू येत होते. त्यांच्यावरची भिंत जागच्या जागी ताठ उभी होती. मधला तुकडा तेवढा खाली आला होता.

"तू खोदलेल्या जागी भिंत उभी हाय," तो सावकाश म्हणाला.

"तेच त सांगून राह्यलो सायब." ग्यानबा उठून उभा राहिला. "जिथं पडली ना, तिथं मी कुदळ लावलीच नव्हती. तिथली माती दगडावानी कडक होती. न खोदलेल्या जागी भिंत पडली कशी?"

३

मोटारीच्या थांब्यावरून धावत परतलेल्या महावीरला भाऊसिंगनं ठाण्यात आणून बसवलं. अटक म्हणून नव्हे. बोळातल्या लोकांच्या हातात दगड येऊ लागले होते म्हणून.

तिशीतला सडसडीत माणूस. आठवडी बाजारांतून कापड विकत फिरायचा. आज मालेगाव, उद्या मंगरूळपीर, परवा वाशीम. पहिल्या मोटारीनं जायचा, दिवेलागणीला परतायचा. घरात म्हातारी आई जतनबाई, आणखी कुणी नाही.

"मी म्हणलो होतो तसं," त्यानं लगेच कबूल केलं. "रागात म्हणलो. पर नेमीचंद माहा साडू होता सायब. सख्खा साडू."

"म्हणजे राजमतीबाई तुझी मेव्हणी."

"माह्या ललिताची मोठी बहीण."

ललिताचं प्रकरण भाऊसिंगच्या आधीच्या फौजदाराच्या वेळचं. महावीरचं घर बांधून होत होतं त्याच दिवसांत त्याची बायको ललिता नाहीशी झाली. तो माल आणायला कारंज्याला गेला होता. परत आला तर आईनं सांगितलं, भांडून निघून गेली. राजमतीनं ठाण्यात येऊन तक्रार दिली. बाईमाणूस रुसून गेलं असेल, येईल, असं म्हणून तिची बोळवण झाली.

"मी कुठं कुठं नाई शोधलं तिले. वाशीमचं स्टेशन, अकोला, दर्ग्याच्या उरुसात हरेक बाईचं तोंड पाह्यलं. नेमीचंद संग यायचा. परवा त्याच्या तोंडून निघून गेलं, का तूच तिले छळलं असशील म्हणून ती गेली. मले सहन नाई झालं." त्यानं डोळे पुसले. "गावात तो एकच माणूस माह्यासंग तिले शोधत होता. त्याले मी काहून मारू?"

"तळघराला तुझी हरकत होती?"

"नाई."

"भिंतीखाली खोदू दिलं?"

"देल्लं. ग्यानबा म्हणला, मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराची फरशी उकलाव लागीन, तिथला पाया आतूनबी भराव लागते. मी म्हणलं, उकल. सोमवारी बाजार नाई, मीच घरी राहून मोकळी करून देतो. माय कुरकुरली, चूल हालवाची नाई म्हणे. मी म्हणलं, चूल काय, दोन दिवस अंगणात मांडू."

भाऊसिंग शिपायाला म्हणाला, "याला चहा दे." आणि टोपी उचलून पुन्हा बोळाकडं निघाला.

४

दुपार अशी तापली होती की बोळात कुत्रंही नव्हतं. सगळ्या घरांची दारं लावलेली. भाऊसिंग शिडीनं खड्ड्यात उतरला.

दवाखान्यातून निरोप आला होता. अंगावर दुसरी जखम नाही, माती नाकातोंडात जाऊन गुदमरून मेला. म्हणजे मारणारी भिंतच. पण भिंतीला कुणी पाडलं?

महावीरनं आतून खोदून पोकळी केली असेल, असा त्याचा पहिला संशय होता. पण खोदलेली माती कुठंतरी जावी लागते. महावीरच्या अंगणात नाही, मागं नाही, बोळात नाही. नेमीचंदच्या ढिगावर ग्यानबानं काढलेला पांढरट मुरूम तेवढा. तो पडझडीपाशी वाकला आणि ढिगाखाली हात घालून मुठीत माती घेतली.

ती मुठीतून निसटली नाही. तळहाताला चिकटून बसली.

भाऊसिंगनं मूठ उघडून पुन्हा दाबली. ओली माती, भिजून काळी पडलेली. वरून सुकत आलेली, आत लोण्यासारखी मऊ. शिवारात भेगा पडलेल्या, गाव पाण्यासाठी तडफडणारं, आणि या एका ठिकाणी चिखल. ग्यानबाचं पाण्याचं पिंप खड्ड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चंपतच्या अंगाला होतं. महावीरच्या मोरीचं सांडपाणी पुढच्या बाजूनं बोळात यायचं. ती नाली कोरडी ठक्क पडली होती.

कुणी खोदलं नव्हतं. कुणीतरी भिजवलं होतं.

बोळाला त्या दिवसांत एकाच विहिरीचं पाणी होतं, चंपत माळ्याच्या मळ्यातल्या. चंपतनं वांग्याची झाडं वाळू दिली होती आणि उरलेलं पाणी शेजाऱ्यांसाठी ठेवलं होतं. भाऊसिंग गेला तेव्हा तो विहिरीच्या काठावरच बसला होता. त्याला बोळात थांबवत नव्हतं.

"चंपतराव, महावीरच्या घरी पाणी कोण नेते?"

"जतनकाकूच नेते. अजून ताकद हाय बुढीत. घरात दोन मानसं, पर या हप्त्यात लय खेपा केल्या तिनं. साऱ्या दुपारच्या. मी म्हणलं, काकू, एवढ्या उन्हात काहून? त म्हणे, पाहुणे येनार हायेत."

"पाहुणे आले?"

"कोनी दिसलं नाई." चंपत जरा घुटमळला. "एक सांगू का सायब? हसू नका."

"सांगा."

"ते जैन मानसं. पाणी गाळल्याबिगर तोंडालेही लावत नाई. काकू त लय कडक. घागरीच्या तोंडावर गरणं घालते, दुहेरी फडकं, अन् त्यातनं पाणी सोडते. गरण्यात जीव राह्यले असतीन म्हणून ते फडकं पुन्हा विहिरीच्या पाण्यात खंगाळते. किती वर्षं पाहून राह्यलो मी, एक घागर अशी नेली नाई. पर ह्या हप्त्यात दुपारी येई ना, तवा गरणं आनतच नव्हती. तळाचं गढूळ पाणी तसंच घागरीत भरे अन् चालली. मले वाटलं, म्हातारपण, इसरत असन."

भाऊसिंग उठून उभा राहिला.

"रोज दुपारी विसरत होती?"

"सकायचं पाणी मातर गाळून न्याची," चंपत म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्याच चेहऱ्यावरचा रंग उतरला.

५

जतनबाई स्वयंपाकघरात चुलीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. भाऊसिंगनं महावीरला आणि राजमतीला बरोबर आणलं होतं. राजमती या घराच्या उंबऱ्याच्या आत दोन वर्षांनी येत होती. दोघं दाराशी दोन बाजूंना उभी राहिली.

"माय, थोडं पाणी द्याल?" भाऊसिंगनं विचारलं.

जतनबाई उठली. माठातलं पाणी आधीच गाळलेलं असणार. तरी तिनं तांब्याच्या तोंडावर फडकं ताणलं, ओतलं, आणि तांब्या त्याच्यापुढं ठेवला. हात स्थिर होते.

तो पाणी प्यायला नाही. उठून मोरीत गेला. मोरीचा अर्धा भाग भिंतीबरोबर गेला होता. उरलेल्या भागात, भिंतीला लागून एक फरशी सैल होती. त्यानं ती उचलली. खाली हातभर खोल बीळ, आणि बिळात चिखल.

"मिस्त्रीनं टेकू म्हणून ठेवलेली माती इथून आठवडाभर भिजत होती," तो परत येऊन म्हणाला. "दुपारी बोळ झोपला की. ते पाणी गाळायची गरज नव्हती, कारण ते कुणी पिणार नव्हतं. बरोबर ना माय?"

"सायब!" महावीर पुढं आला. "काय बोलून राह्यले तुमी? स्वतःच्याच घराची भिंत माय काहून पाडन?"

"त्याचाच मी दुपारपासून विचार करतोय. भिंत पडली की काय झालं असतं? काम बंद पडलं असतं. गावानं नेमीचंदला खड्डा बुजवायला लावला असता. अन् काम बंद पडलं की सोमवारी जे होणार होतं ते टळलं असतं." भाऊसिंग महावीरकडं वळला. "सोमवारी काय होणार होतं, ते तूच मला सांगितलं."

महावीरचे ओठ हलले. "स्वयंपाकघराची फरशी…"

"तू तर स्वतः उकलून देणार होतास. म्हणून तू सुटलास महावीर. ज्याला या फरशीखालचं ठाऊक असेल, तो असं कधी म्हणणार नाही. या घरात दोनच माणसं. त्यातल्या एकाला ठाऊक नाही."

राजमतीनं चौकट धरली. तिला उलगडा सगळ्यांच्या आधी झाला. तिनं एकच शब्द उच्चारला, इतक्या हळू की तो विचारल्यासारखा वाटला.

"ललिता?"

जतनबाई पुन्हा चुलीला पाठ टेकून बसली.

"माराचं नव्हतं मले," ती म्हणाली. "घराचं काम चालू होतं. हा कारंज्याले. ती म्हणे, मी बहिणीकडं राह्यते हा येईस्तोवर. मी म्हणलं, नाई जाचं. ती निघाली. मी दंड धरून मांघं ओढलं, तशी पडली. उंबऱ्याचा दगड तवा बसवाचा होता, तसाच पडला होता. त्याच्यावर डोकं आपटलं. मी तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. नाई उठली." ती थांबली. "इथं जोत्यात मुरूम भरनं चालू होतं. मजुरानं टोपले भरून ठेवले होते. मी तिच्यावर ओतले."

महावीर फरशीवर तळवा टेकून खाली बसला.

"आणि नेमीचंद?" भाऊसिंगनं विचारलं.

"त्याले नाई मारलं मी! भिंत पडावी एवढंच वाटत होतं. कोनी नसताना पडली असती त…"

"सकाळी तुम्ही मोरीत असणार. भिंतीला चीर गेलेली दिसत असणार. तो खाली उतरलेला दिसला?"

जतनबाईनं मोरीकडं पाहिलं.

"दिसला," जतनबाई म्हणाली. "चीर रुंद होऊन राह्यली होती. तो खाली, तोंड वर करून पाह्यत होता. हाक माराले मी तोंड उघडलं होतं सायब. पर हाक मारली असती त त्यानं इचारलं असतं, माय, तुले कसं समजलं? मंग मी तोंड मिटलं."

६

फरशी ग्यानबानं उकलली. चूल बाजूला काढली, मुरूम हातानंच बाजूला सारला. पंच दारात नाकाला धोतराचा सोगा लावून उभे होते. थोड्याच वेळात ग्यानबा थांबला आणि भाऊसिंगकडं पाहू लागला.

कपडा कुजून गेला होता. जरीचा काठ मात्र तसाच होता. राजमती गुडघ्यांवर बसली आणि तिनं तो काठ दोन बोटांत धरला.

"हे माहं लुगडं हाय," ती म्हणाली. "आदल्याच दिशी मागून नेलं होतं तिनं. घरभरणीले नेसाचं, आधी नेसून पाह्यते म्हणे."

मग ती रडली. नवऱ्याच्या प्रेताजवळ न रडलेली बाई बहिणीच्या हाडांजवळ मोठ्यानं, गळा मोकळा सोडून रडली. भिंतीपलीकडं तिच्याच घराचा खड्डा होता. दोन वर्षं ती त्या भिंतीच्या पलीकडं चूल पेटवत होती, अन् बहीण अलीकडं.

महावीर रडला नाही. तो भाऊसिंगजवळ आला आणि एखादी बारकी, साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "मी तिले शोधाले जाचो ना सायब, त हरेक खेपेले मायनं मले डब्बा बांधून देल्ला."

दुसऱ्या दिवशी ललिताला अग्नी दिला. महावीर आणि राजमती दोघांनी मिळून दिला. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर जतनबाईला वाशीमच्या कोर्टात न्यायचं होतं. जीप ठाण्यातून निघाली ती बाजारातून जाणार होती, पण म्हातारीनं भाऊसिंगला विनवलं, "एकडाव घरावरून न्या. महावीर येईन भेटाले." भाऊसिंगनं ड्रायव्हरला बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवायला सांगितली.

बोळात काम सुरू झालं होतं. महावीरचं घर उघडं पडलेलं, राजमतीचं घर अर्धवट. आता कुणाचंही एकाचं काम दुसऱ्याला सोडून होणार नव्हतं. ग्यानबानं चिखल उपसून पडलेल्या जागी खोल चर घेतला होता आणि दोन्ही घरांचा मिळून पाया भरायला घेतला होता. चंपत दगड आणून देत होता. राजमती काठावर उभी होती. खाली चरात, कमरेइतक्या खोल, महावीर ग्यानबाच्या हाताखाली दगड लावत होता.

जीपचा आवाज त्याला ऐकू गेला. चंपतनं मान वळवून पाहिलं, ग्यानबानं पाहिलं. राजमतीनंही पाहिलं. महावीरच्या हातात एक दगड होता. तो धरून तो क्षणभर तसाच राहिला, पाठ बोळाकडं.

"महावीर!" जतनबाईनं हाक मारली. जीपच्या कठड्याला धरून ती अर्धवट उठली. "महावीर, मी आली रे!"

त्यानं दगड जागेवर ठेवला, हातानं दाबून पाहिला, आणि पुढचा दगड मागायला चंपतकडं हात केला.

"मंग जाऊ मी?" म्हातारीनं भाऊसिंगला विचारलं.

भाऊसिंगनं तिच्याकडं न पाहता ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.